सल्ला हवा: नोंदणी उघडते त्या मिनिटाची लोड टेस्ट कशी करावी?

घाटवळण
नमस्कार मंडळी. एका डोंगरी धावशर्यतीच्या ऑनलाइन नोंदणीचं काम आमच्या छोट्या टीमकडे आलंय. जागा २,०००. नोंदणी रविवारी सकाळी १० ला उघडते आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांच्या कृपेने सगळे बरोबर १० लाच धडकतात. गेल्या वर्षी काम दुसऱ्या कोणाकडे होतं. तेव्हा पान उघडेना, काहींचे पैसे कापले गेले पण नंबर मिळाला नाही, आणि आयोजकांना पुढे महिनाभर फोन. यंदा पहिल्या पाच मिनिटांत १५,००० लोक येतील असा त्यांचा अंदाज आहे.

सर्व्हर नोडवर, डेटाबेस पोस्टग्रेस, क्लाउडवर दोन मध्यम मशिनं, पुढे गर्दी त्यांच्यात वाटणारा लोड बॅलन्सर. एपीआय मोजून चार: शर्यतीची माहिती, ओटीपी लॉगिन, जागा राखणे, पेमेंट. लोड टेस्टसाठी, म्हणजे खोटी गर्दी सोडून सर्व्हर टिकतो का ते बघायला, जेमीटर, के-सिक्स, लोकस्ट, गॅटलिंग यांतलं कोणतं टूल घ्यावं? व्हर्च्युअल युजर (टूलने उभे केलेले नकली वापरकर्ते) किती लावायचे? बजेट बेताचं आहे.

जुनाट_जावा
जेमीटर. फुकट आहे, वीस वर्षं टिकलंय, अडलं तर उत्तर सापडतं. फक्त खिडकी उघडी ठेवून लोड मारू नका. स्क्रिप्ट तिथे बनवा आणि टेस्ट कमांड लाइनवरून चालवा. एकेक उत्तर साठवून दाखवणारं 'व्ह्यू रिझल्ट्स ट्री' चालू ठेवून "जेमीटर मेमरी खातं" म्हणणारे दर आठवड्याला भेटतात.

रात्रपाळी
चौघांपैकी कोणतंही चालेल. तुमची टीम नोडवाली आहे, तर के-सिक्स घ्या. स्क्रिप्ट जावास्क्रिप्टमध्ये असते, गिटमध्ये राहते, आणि आतून गो असल्याने एका मशिनवरून बराच मारा करता येतो. पायथॉनची मंडळी असती तर लोकस्ट म्हटलं असतं.

पण "व्हर्च्युअल युजर किती" हा प्रश्नच बाजूला ठेवा. २०० व्हर्च्युअल युजर लावले, प्रत्येक जण उत्तर आलं की पुढची रिक्वेस्ट टाकतो. सर्व्हर १०० मिलिसेकंदात उत्तर देतोय तोवर सेकंदाला २,००० रिक्वेस्ट जातात. तो धापा टाकायला लागला, उत्तराला दोन सेकंद लागू लागले, की त्याच २०० जणांकडून सेकंदाला १०० च जातात. म्हणजे सर्व्हर अडचणीत आला की तुमची टेस्ट दयाळू होते! खरी माणसं उलट करतात, पान अडकलं की आणखी चार वेळा रिफ्रेश मारतात. अझुल कंपनीच्या गिल टेने यांनी या प्रकाराला 'को-ऑर्डिनेटेड ओमिशन' असं नाव दिलंय. अशा टेस्टमधले पी९९ चे (१०० पैकी ९९ रिक्वेस्टना ज्या वेळेच्या आत उत्तर मिळतं ती वेळ) आकडे दिसायला छान असतात, भरवशाचे नसतात.

म्हणून येणाऱ्यांचा वेग ठरवा. के-सिक्समध्ये 'रॅम्पिंग अरायव्हल रेट' एक्झिक्युटर (टेस्ट चालवायची पद्धत) आहे, तो वापरा. आता तुमचं गणित: पाच मिनिटांत १५,००० म्हणजे सरासरी सेकंदाला ५०. ही सरासरी विसरा. निम्मे लोक पहिल्या ३० सेकंदांत येतील असं धरा, म्हणजे सेकंदाला २५० माणसं. एका माणसामागे पान उघडणं, लॉगिन, जागा तपासणं वगैरे पाच-सहा कॉल. झाले सेकंदाला सव्वा ते दीड हजार. त्यावर रिफ्रेशचे म्हणून थोडं चढवा आणि तिथपर्यंत १०-१५ सेकंदांत पोहोचा. अर्ध्या तासात हळूहळू चढवत नेलेली टेस्ट तुमच्या रविवारची नाही.

जुनाट_जावा
हे जेमीटरमध्येही होतं हो. ५.५ पासून 'ओपन मॉडेल थ्रेड ग्रुप' आहे. पण मुद्दा मान्य, निम्म्या मंडळींनी तो उघडूनही पाहिलेला नसतो.

ओली_भेळ
तत्काळचं बुकिंग करणाऱ्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही. एसी १० ला, बिगर-एसी ११ ला, आणि ९:५९ पासून अंगठा बटणावर.

कोकणी_कोडर
टूलबद्दल वर आलंच आहे. मी आजूबाजूचं सांगतो.

लोड घरच्या वायफायवरून मारू नका, नाहीतर तुमचा राउटर टेस्ट होईल. क्लाउडच्या त्याच रीजनमध्ये (सर्व्हर जिथे आहे तिथेच) वेगळं मशीन घ्या आणि टेस्टभर त्याचाही सीपीयू बघा. लिनक्सवर बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी मुळात २८,००० च्या आसपासच पोर्ट असतात आणि बंद झालेला पोर्ट मिनिटभर अडून राहतो. दर रिक्वेस्टला नवं कनेक्शन उघडलंत तर मार देणाराच आधी बसेल आणि तुम्ही सर्व्हरला दोष द्याल. उघड्या फाइलांची मर्यादाही बऱ्याच ठिकाणी १,०२४ असते, ती वाढवा. सगळा मारा एकाच आयपीवरून येतोय म्हणून तुमचाच रेट लिमिटर (एकाकडून फार रिक्वेस्ट आल्या की अडवणारा) तुम्हाला ४२९, म्हणजे 'फार रिक्वेस्ट' हा एरर, देऊन परत पाठवेल, त्याचीही सोय बघा.

नुसता स्टेटस २०० ('ठीक आहे') बघून खूश होऊ नका, उत्तरात बुकिंग नंबर आहे का ते तपासा. एरर पान १० मिलिसेकंदात येतं आणि सरासरी गोड करून टाकतं.

ओटीपी आणि पेमेंट गेटवे मॉक करा, म्हणजे त्यांच्या जागी ठरलेलं उत्तर देणारा नकली सर्व्हर लावा. गेटवेच्या टेस्ट मोडवरही लोड मारायचा नसतो. मात्र मॉकला खरी दिरंगाई द्या. गेटवेला ऑर्डर बनवायला ४०० मिलिसेकंद लागत असतील तर मॉकनेही ४०० घ्यावेत. शून्य मिलिसेकंदात "हो" म्हणणाऱ्या मॉकवर सगळ्याच सिस्टिम झकास चालतात.

आणि एक, लॉगिन शनिवारी संध्याकाळीच उरकून घ्यायला सांगा. टोकन (लॉगिन झाल्याची खूण) दोन दिवस चालू द्या. १० च्या ठोक्याला हजारो ओटीपी एसएमएस वेळेत पोचतील यावर माझा तरी विश्वास नाही.

घाटवळण
सर्वांचे आभार. के-सिक्स घेतलं, वेग वर सांगितल्याप्रमाणे. मॉक आधी लगेच उत्तर देत होता तेव्हा सगळं हिरवंगार. ४०० ची दिरंगाई घातली आणि चित्रच पालटलं. जागा राखणं सेकंदाला दोन-तीनच्या वर जाईना. गंमत म्हणजे सीपीयू १५ टक्के, मेमरी निवांत. आणि माहितीचं साधं पानसुद्धा टाइमआउट होतंय, त्याचा तर पेमेंटशी काही संबंध नाही. मशिनं दुप्पट करून पाहिली, फरक शून्य.

रात्रपाळी
एक विचारतो. उरलेल्या जागांचा आकडा डेटाबेसच्या टेबलात एकाच रांगेत (रो) आहे का? आणि तो कमी करून, डेटाबेसची ट्रान्झॅक्शन उघडी ठेवूनच (म्हणजे बदल पक्का न करता) गेटवेला कॉल करताय का?

घाटवळण
दोन्ही हो.

रात्रपाळी
मग सापडलं. एका नोंदणीने ती रांग लॉक केली की गेटवेचं उत्तर येईपर्यंत ४०० मिलिसेकंद ती कोणालाच मिळत नाही. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त अडीच नोंदण्या, मग मशिनं दोन लावा की वीस. २,००० जागा भरायला ८०० सेकंद, तेरा मिनिटांहून जास्त, आणि तेवढा वेळ बाकीचे रिफ्रेश मारत बसणार. माहितीचं पान का अडलं? नोडच्या पोस्टग्रेस लायब्ररीत डेटाबेसच्या कनेक्शनांचा पूल (वाटून वापरायचा साठा) न सांगता १० चा असतो. दहाही कनेक्शनं त्या एका रांगेसाठी ताटकळत उभी, मग माहिती वाचायला कनेक्शन उरतंच कुठे? सीपीयू रिकामा दिसतो कारण सगळे वाट बघण्याचंच काम करताहेत. टेस्ट चालू असताना 'पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी' (डेटाबेसमध्ये कोण काय करतंय त्याची यादी) बघा, वेट इव्हेंटच्या रकान्यात लॉकच लॉक दिसतील.

पूल १०० करायचा मोह होईल, तो आवरा. पोस्टग्रेसची स्वतःची मर्यादा मुळात १०० ची आहे, आणि १०० जण त्याच रांगेसाठी उभे राहिले तरी वेग अडीचच.

उपाय: जागा राखा, मुदत १० मिनिटं लिहा, ट्रान्झॅक्शन बंद करा. गेटवेला कॉल त्यानंतर. पैसे आले नाहीत तर मुदत संपल्यावर जागा परत मोकळी. आकड्याऐवजी २,००० जागांच्या २,००० रांगा करून 'स्किप लॉक्ड' (लॉक झालेल्या रांगा सोडून पुढची घे) वापरलंत तर आणखी उत्तम, पोस्टग्रेसमध्ये ९.५ पासून आहे. प्रत्येक जण मोकळी दिसेल ती रांग उचलतो, कोणी कोणासाठी थांबत नाही. पेमेंटला आयडेम्पोटन्सी की (प्रत्येक नोंदणीची एक ओळखखूण) लावा, म्हणजे घाईत दोनदा बटण दाबलं तरी पैसे एकदाच कापले जातील. गेल्या वर्षीची बोंब बहुधा इथेच कुठेतरी असावी. माहितीचं पान सीडीएनवर (पानांच्या प्रती ठेवून वाटणारे बाहेरचे सर्व्हर) ढकला, डेटाबेसपर्यंत येऊच देऊ नका.

ओली_भेळ
१०:०४ ला जागा संपल्या की काय होणार तेही चालवून बघा. २०१९ च्या विश्वचषक सेमीफायनलला हॉटस्टारवर एका वेळी २.५३ कोटी प्रेक्षक होते. धोनी धावबाद झाला आणि लोकांनी बॅक दाबलं. त्यांच्या इंजिनिअरांनीच पुढे जाहीर भाषणात सांगितलंय की अशा वेळी व्हिडिओ सोडून सगळी गर्दी होमपेजच्या एपीआयवर येते, आणि त्याचीही तयारी आधी करावी लागते. तुमचे तेरा हजार निराश लोक 'माझी नोंदणी' उघडून बघणार, बघाच.

घाटवळण
बदल केले. जागा राखणं आता सेकंदाला २५० च्या वेगालाही अडत नाही, पी९५ ३०० मिलिसेकंदांच्या आत. 'माझी नोंदणी' मात्र खरंच लटकलं, डेटाबेसमध्ये मोबाइल नंबरवर इंडेक्सच (पटकन शोधायची सूची) नव्हता. तोही घातला.
शेवटचा प्रश्न: मॉक काढल्यावर खरा गेटवे एवढ्या वेगाने ऑर्डर घेईल का?

कोकणी_कोडर
त्याला टेस्ट नाही, ईमेल आहे. सेकंदाला किती ऑर्डर चालतील ते त्यांच्या सपोर्टकडून लेखी घ्या, आणि रविवार सकाळी १० ची वेळ आधीच कळवा. मर्यादा कमी निघाली तर जागा राखून झालेल्यांना पेमेंटकडे रांगेने सोडा. दहा मिनिटांची मुदत आहेच, पण रांग लांबली तर ती पंधरा करा.