‘आपल्यात’ की ‘आमच्यात’? समुपदेशनाच्या खोलीतली सर्वनामं

ओसरी:
समुपदेशन करताना ‘आपल्यात’ हा शब्द सारखा कानावर पडतो. ‘ताई, आपल्यात घटस्फोट म्हटलं की काय होतं, तुम्हाला माहितीच आहे.’ आडनावावरून माझी जात ताडलेली असते. अंदाज कधी बरोबर, कधी साफ चुकलेला. व्याकरणाच्या अंगाने हा शब्द नेमकं काय करतो?

अनुस्वार:
‘आपण’मध्ये ऐकणारा धरलेला असतो, ‘आम्ही’तून वगळलेला. गुजरातीत आपणे-अमे, तेलुगूत मनम-मेमु असा हाच भेद आहे. हिंदीच्या ‘हम’ला ही सोय नाही. मराठी माणसाला मात्र समोरच्याला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं, हे बोलतानाच ठरवावं लागतं. शिवाय ‘हे आपल्यातच राहू दे’ म्हणजे फक्त आपल्या दोघांत. तुमच्या गोपनीयतेच्या फॉर्मचं निम्मं काम तिथेच झालं!

शेवगा:
‘आमच्यात’ पण बघा. ‘आमच्यात सोडचिठ्ठी होते, तुमच्यात नसेल होत’ असं बाई म्हणते तेव्हा ती चालीरीत सांगत नसते, तुम्ही तिला नावं ठेवाल का हे चाचपत असते. त्यावर ‘आम्ही जातबीत मानत नाही’ म्हणणारे समुपदेशक मी पाहिलेत. म्हणजे पुन्हा ‘आम्ही’च, ती बाहेरच! जात विसरून जगणं कुणाला परवडतं, हे तिला पक्कं ठाऊक असतं.

ओसरी:
पण ‘आपल्यात’ला नुसती मान डोलावली तरी विश्वास पटकन बसतो. तो का घालवायचा?

शेवगा:
बसतो, आणि मग विचारायचं राहून जातं. एकाच जातीचे म्हणून तिच्या सासरचं आपल्याला कळलं, असं वाटायला लागतं. मी सरळ विचारते, ‘तुमच्या घरात काय होतं?’ मनोविकारतज्ज्ञ आणि पंजाबी कवी जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ साली गुरू-चेला नात्याकडे उपचाराचा नमुना म्हणून पाहिलं होतं. आपल्याकडे लोक समुपदेशकाकडून वडीलकीचा सल्ला मागतात, त्यामुळे ते पटतं. पण ज्यांच्या घरच्यांना गुरूने दारातच उभं केलं, त्यांना त्या खुर्चीचा धाकच वाटणार. माझ्या मते गुरू होण्याआधी ‘ताई’ झालेलं बरं.

पैलतीर:
तुम्हीही ‘आपल्याकडे’ लिहिलंत! अमेरिकेतल्या मराठी घरांत त्याचा अर्थ भारत. न्यू जर्सीत जन्मलेल्या समुपदेशक मुलीला तिच्याकडे आलेले आईवडील सांगतात, ‘आपल्याकडे मुलं असं बोलत नाहीत.’ ती बिचारी भारतात कधी राहिलेलीच नसते. शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलाचं ‘आपल्याकडे’ म्हणजे न्यू जर्सीतलंच एडिसन गाव, आणि तोही तिला आपल्याच बाजूची धरतो.

ओसरी:
मग तिने काय करायचं?

पैलतीर:
‘आपल्याकडे म्हणजे नक्की कुठे?’ एवढं विचारून बघावं. बाबा म्हणतील पुण्यात, आई म्हणेल जळगावात, आणि मुलाला पहिल्यांदाच कळेल की या दोघांचंही एकमत नाही.