आयबीएसवर संमोहन म्हणजे भोंदूगिरी? मग हे वाचा

पोटशूळ:
काल इथे कोणीतरी लिहून गेलं, "आयबीएसवर संमोहन म्हणजे शुद्ध भोंदूगिरी, दुखतंय पोट आणि झोपवतायत माणसाला." डोकंच फिरलं. आयबीएस म्हणजे तपासण्या नॉर्मल येऊनही पोट दुखणं, फुगणं, शौचाचा त्रास चालूच राहणं. अरे, झोपवत कोणी नाही, माणूस पूर्ण शुद्धीत असतो, पोटावर हात ठेवून ऊब येतेय, आतडं शांत होतंय अशा सूचना ऐकायच्या असतात. मँचेस्टरच्या डॉक्टर पीटर व्होरवेलने 1984 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ट्रायल छापली, कशालाच दाद न देणारे 30 पेशंट घेऊन. ब्रिटनमध्ये उपचारांच्या गाइडलाइन काढणाऱ्या नाइस या संस्थेने 2008 पासून गाइडलाइनमध्ये घातलंय की 12 महिने औषधांनी फरक नाही पडला तर याचाही विचार करा. ते काय भोंदू आहेत सगळे?

सरळसोट:
ते लिहिणारा मीच. 30 पेशंट, वा! आणि संमोहन घेणाऱ्याला कळतंच ना की आपण संमोहन घेतोय, मग ब्लाइंडिंग, म्हणजे कोणाला काय दिलंय ते पेशंटला कळू न देणं, कसलं डोंबलाचं? 2010 मध्ये कॅप्चुक नावाच्या संशोधकाने आयबीएसच्या पेशंटना "ही गोळी प्लासिबो आहे", म्हणजे आत औषधच नाही, असं तोंडावर सांगून दिली, तरी 59 टक्क्यांना आराम, काही न दिलेल्यांत 35. या आजारात कशानेही बरं वाटतं.

पोटशूळ:
2019 ची डच ट्रायल बघ, 354 पेशंट. तीन महिन्यांनी एकेकट्याने संमोहन घेतलेल्यांत 41 टक्क्यांना आराम, गटात 33, नुसती माहिती आणि धीर दिलेल्यांत 17.

सरळसोट:
म्हणजे दहातल्या सहांना नाहीच.

मीनल_क:
तुमचे टक्के राहू द्या. मी वर्षानुवर्षं कुठेही गेले की आधी बाथरूम कुठंय ते बघायचे आणि आमचे डॉक्टर रिपोर्ट बाजूला सारून म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका." टेन्शन मी घेते होय, हौस म्हणून?? आता संमोहन घेतलं म्हटलं की घरचे म्हणतात बघ, तुझ्या डोक्यातच होतं.

ओपीडीवाला:
डॉक्टरांना शिव्या देणं सोपंय. बाहेर रांग असते, मी आधी शौचातून रक्त, उतरलेलं वजन, कमी हिमोग्लोबिन या गंभीर आजाराच्या खुणा बघू की तुमची कहाणी ऐकू?

मीनल_क:
कहाणी?! लक्षणं विचारूनच निदान होतं ना आयबीएसचं, की ते पण रांगेमुळे राहिलं?

ओपीडीवाला:
बरं, बोलायची पद्धत चुकते आमची, घ्या. पण घरच्यांचं बिल आम्हाला लावू नका.

सरळसोट:
धागा संमोहनाचा होता बहुतेक.

पोटशूळ:
मीनलताई, तुम्हाला फरक पडला का पण?

मीनल_क:
दुखणं बरंच कमी, फुगणं आहे तसंच. आणि सरळसोट, हो, असेल प्लासिबो, मिळालेला आराम मी परत करणार नाहीये.

सरळसोट:
ठेवा की. फक्त इथे कोणी "मुळापासून बरं करतो" म्हणत कोर्स विकायला आला तर मी परत येईन.

ओपीडीवाला:
यावर मात्र मी याच्या बाजूने.