मदत हवी आहे: सात फाइलींचं डिझाइन कस्टम आयपी म्हणून पॅकेज केलं, पण ब्लॉक डिझाइनमध्ये ‘मॉड्यूल सापडलं नाही’

नमस्कार मंडळी. तीन आठवडे एकाच जागी अडकलोय. (आयपी म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणारा सर्किट-ब्लॉक; ब्लॉक डिझाइन म्हणजे असे ब्लॉक जोडून बनवलेलं डिझाइन.) सगळं सविस्तर सांगतो, म्हणजे तुम्हाला परत परत विचारावं लागणार नाही.

डिझाइन आहे १६ टॅपचा एफआयआर फिल्टर (शेवटच्या १६ सॅम्पलना ठरलेल्या कोएफिशंट्सनी, म्हणजे गुणकांनी, गुणून बेरीज करणारा), साध्या व्हेरिलॉगमध्ये, म्हणजे हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या भाषेत. फाइली सात: टॉप, गुणाकार-बेरीज करणारं मॅक युनिट, डिले लाइन, फिफो (आधी आलेलं आधी बाहेर देणारी रांग), कंट्रोल एफएसएम (पायऱ्यांचा क्रम सांभाळणारं स्टेट मशीन), एक हेडर फाइल आणि कोएफिशंट्सची मेम फाइल. बोर्डावर झिंक-७००० आहे, म्हणजे एकाच चिपवर एआरएम प्रोसेसर आणि हवं तसं सर्किट बनवता येणारा एफपीजीए भाग. त्यातल्या एआरएम प्रोसेसरवरून रजिस्टरं लिहून फिल्टर चालवायचा आहे, म्हणून विवाडो या डिझाइन-सॉफ्टवेअरमध्ये ‘क्रिएट अँड पॅकेज न्यू आयपी’मधून चार रजिस्टरांचा एएक्सआय४-लाइट स्लेव्ह (प्रोसेसरला बसवरून वाचता-लिहिता येणारा ब्लॉक) बनवून घेतला. त्या टेम्प्लेटमध्ये दोन फाइली आयत्या मिळतात, बाहेरचा रॅपर आणि आतली एएक्सआयची फाइल. आतल्या फाइलीत मी फिल्टरचा टॉप इन्स्टॅन्शिएट केला, म्हणजे त्याची एक प्रत आत जोडली. ऑफसेट ० वर कंट्रोल, ४ वर इनपुट सॅम्पल. ८ आणि १२ वाचले की स्टेटस आणि आउटपुट मिळावं म्हणून रीड मक्समध्ये (वाचताना कोणतं मूल्य द्यायचं ते निवडणाऱ्या भागात) स्लेव्ह रजिस्टरांच्या जागी फिल्टरच्या वायरी जोडल्या.

सिम्युलेशन व्यवस्थित चालतं. एक इंपल्स (एकच सॅम्पल, बाकी सगळी शून्यं) दिला की सोळाच्या सोळा कोएफिशंट्स ओळीने बाहेर येतात. आयपीच्या एडिट प्रोजेक्टमध्ये (आयपी बदलायला उघडतो त्या वेगळ्या प्रोजेक्टमध्ये) सिंथेसिसही, म्हणजे कोडचं सर्किटमध्ये रूपांतरही, होतं. पण तोच आयपी ब्लॉक डिझाइनमध्ये टाकला की व्हॅलिडेशन होतं, पत्ताही मिळतो, आणि सिंथेसिसला ‘सिंथ ८-४३९’ एरर येते: फिल्टरचं टॉप मॉड्यूल सापडलं नाही.

आयपी काढून परत टाकून पाहिला. कॅटलॉग रिफ्रेश केला. पाचही व्हेरिलॉग फाइली मुख्य प्रोजेक्टमध्ये थेट जोडल्या, तरी एरर जशीच्या तशी! शेवटी सगळी मॉड्यूलं एएक्सआयच्या फाइलीतच चिकटवली. एरर गेली, पण बोर्डावर आउटपुट कायम शून्य. शिवाय याच फाइली मी दुसऱ्या डिझाइनमध्येही वापरतो, त्यामुळे हा मार्ग मला नकोच आहे.

एडिट प्रोजेक्टमध्ये सापडणारी फाइल ब्लॉक डिझाइनमध्ये का हरवते? हे नीट समजून घ्यायचं आहे.

प्रतिसाद १

तुम्ही केलेल्या प्रयोगांतच उत्तर आहे. एडिट प्रोजेक्ट स्वतःच्या सोर्सेसची यादी बघतो. ब्लॉक डिझाइन मात्र फक्त आयपीच्या फोल्डरमधली ‘कंपोनंट डॉट एक्सएमएल’ वाचतं. ही फाइल आयपी-एक्सॅक्ट, म्हणजे आयईईई १६८५ या मानकाप्रमाणे लिहिलेली असते. पोर्ट, पॅरामीटर, बस इंटरफेस आणि सिंथेसिस-सिम्युलेशनला लागणारी प्रत्येक फाइल तिच्यात नोंदवलेली असावी लागते. जिची नोंद नाही, ती फाइल ब्लॉक डिझाइनपर्यंत पोचत नाही.

मुख्य प्रोजेक्टमध्ये फाइली जोडून उपयोग झाला नाही, कारण ब्लॉक डिझाइनमधल्या प्रत्येक आयपीचं सिंथेसिस सहसा ‘आउट ऑफ कॉन्टेक्स्ट’ होतं, वेगळ्या रनमध्ये. त्या रनला मुख्य प्रोजेक्टच्या फाइली दिसत नाहीत. आणि एकाच फाइलीत चिकटवल्यावर एरर गेली, कारण एएक्सआयची फाइल यादीत आधीपासूनच होती.

पॅकेजरमध्ये ‘फाइल ग्रुप्स’ उघडा आणि सिंथेसिसखाली किती फाइली दिसतात ते सांगा.

धागाकर्ता

फक्त दोन! टेम्प्लेटच्या आयत्या फाइली. माझी एकही नाही. वर ‘मर्ज चेंजेस’ची लिंक दिसतेय, तिच्याकडे मी आजवर लक्षच दिलं नव्हतं. ती दाबल्यावर सातही फाइली आल्या, पण त्यांचे मार्ग आयपीच्या फोल्डरबाहेरचे दिसतात, माझ्या मूळ सोर्स फोल्डरचे.

प्रतिसाद १

तसे ठेवू नका. आज तुमच्या मशीनवर चालेल, पण फोल्डर हलवलं किंवा दुसऱ्याला दिलं की परत हीच एरर. त्या फाइली एडिट प्रोजेक्टमधून काढा आणि ‘अ‍ॅड सोर्सेस’ने पुन्हा जोडताना आयपी डिरेक्टरीत कॉपी करण्याच्या पर्यायावर टिक करा. मग परत मर्ज, आणि शेवटी ‘री-पॅकेज’. हेडर फाइलीवर ‘इन्क्लूड फाइल’ची खूण आहे ना, हेही बघून घ्या.

मुख्य प्रोजेक्टमध्ये ‘रिपोर्ट आयपी स्टेटस’ चालवा, आयपी अपग्रेड करा आणि आउटपुट प्रॉडक्ट्स नव्याने जनरेट करा. ही पायरी चुकली तर जुनीच आवृत्ती सिंथेसाइझ होत राहते आणि माणूस नसलेला बग शोधत बसतो. मी दोन दिवस असे घालवले आहेत.

प्रतिसाद २

शून्य आउटपुटचं कारण मेम फाइल असणार. ‘रीडमेमएच’ला (मेम फाइलीतले आकडे मेमरीत भरणाऱ्या व्हेरिलॉगच्या आज्ञेला) फाइल सापडली नाही तर विवाडो एरर देऊन थांबत नाही. ‘सिंथ ८-४४४५’ अशी क्रिटिकल वॉर्निंग देऊन पुढे जातं आणि तुमची रॉम (कोएफिशंट्स ठेवणारी मेमरी) रिकामी राहते. वॉर्निंग आयपीच्या स्वतःच्या रनच्या लॉगमध्ये असते, म्हणून रन्सच्या फोल्डरमध्ये तुमच्या आयपीच्या नावाचा रन शोधा आणि त्यातला लॉग वाचा. कोडमध्ये पूर्ण मार्ग लिहिला असेल तर काढून फक्त फाइलीचं नाव ठेवा, आणि मेम फाइलही सिंथेसिस व सिम्युलेशन दोन्ही गटांत येऊ द्या.

फिफोच्या मॉड्यूलचं नाव नुसतंच ‘फिफो’ आहे का? असेल तर आत्ताच बदला, पुढे फिल्टरचं नाव लावा. दुसऱ्या एखाद्या आयपीत त्याच नावाचं मॉड्यूल निघालं तर सिम्युलेशनमध्ये दोन्ही एकाच लायब्ररीत कंपाइल होतात आणि एक दुसऱ्याला झाकून टाकतं. सिंथेसिस बरोबर आणि सिम्युलेशन चूक, असा विचित्र प्रकार होतो.

धागाकर्ता

चाललं! लॉगमध्ये ८-४४४५ होतीच. माझ्या कोडमध्ये जुन्या लॅपटॉपवरचा मार्ग लिहिलेला होता. फक्त नाव ठेवलं, री-पॅकेज केलं, अपग्रेड केलं. आत्ता प्रोसेसरवरून इंपल्स लिहिला आणि ऑफसेट १२ वरून सोळाही कोएफिशंट्स वाचले, सिम्युलेशनशी तंतोतंत जुळतात. दोघांचेही मनापासून आभार.

एकच शंका उरली. आता फाइलींच्या दोन प्रती झाल्या, एक माझ्या फोल्डरात आणि एक आयपीत. दुरुस्ती कुठे करायची?

प्रतिसाद १

मूळ फोल्डरातच करा आणि आयपीतली प्रत हाताने कधी उघडू नका. छोटी टीसीएल स्क्रिप्ट (विवाडोच्या कमांड ओळीने चालवणारी फाइल) लिहून ठेवा: मूळ फाइलींचा प्रोजेक्ट उघडायचा आणि ‘आयपीएक्स’ गटातली ‘पॅकेज प्रोजेक्ट’ कमांड ‘इम्पोर्ट फाइल्स’ पर्यायासह चालवायची, म्हणजे प्रती तीच करते. रिव्हिजनचा आकडाही त्याच स्क्रिप्टमध्ये दर वेळी वाढवा, म्हणजे मुख्य प्रोजेक्टला बदल कळतो. आणि व्हर्जन कंट्रोलमध्ये मूळ फाइली आणि ही स्क्रिप्ट एवढंच ठेवलं तरी आयपी केव्हाही नव्याने बनवता येतो.