सल्ला हवा: मायक्रोवेव्हचं दार उघडलं की फ्यूज उडतो, कोणता स्विच बदलू?

उघडझाप
साधा ट्रान्सफॉर्मरवाला ओव्हन आहे, २३० व्होल्टचा. चालू असताना दार उघडलं की कधी कधी 'फट्' होतं आणि सगळं ठप्प, आतला दिवाही जातो. १० अँपिअरचा नवा फ्यूज टाकला की चार-पाच दिवस नीट चालतो, मग पुन्हा तेच. असे दोन फ्यूज गेले. दाराच्या हुकामागे तीन मायक्रोस्विच दिसतात. त्यातला कोणता बदलायचा? आणि १० ऐवजी १५ चा फ्यूज टाकला तर चालेल का? मर्यादा आधीच सांगतो: एक स्विच आणि एक फ्यूज, बस्स. 'नवा घ्या' हा सल्ला कृपया नको.

नवाकोरा
नवा घ्या. इन्व्हर्टरवाला. आमच्याकडे तोच आहे, वजनाला निम्मा. तुमचा जुना ओव्हन 'मध्यम'वर ठेवला की पूर्ण ताकदीने चालतो, थांबतो, परत चालतो. इन्व्हर्टर खरोखर कमी ताकद देतो.

फिरती थाळी
मॅग्नेट्रॉन (लहरी तयार करणारा भाग) गेलाय. तो बदला.

खटकेबाज
मॅग्नेट्रॉनचा दाराशी काय संबंध? तो, हाय व्होल्टेज डायोड किंवा वीज साठवणारा कपॅसिटर शॉर्ट झाला असता तर स्टार्ट दाबल्याबरोबर जोराची घरघर ऐकू आली असती. इथे फ्यूज दार उघडताना उडतोय, म्हणजे तो मुद्दाम उडवला जातोय.

तीन स्विचपैकी प्रायमरी आणि सेकंडरी हे दार बंद असताना जोडलेले असतात. तिसरा मॉनिटर. तो उलटा, दार उघडं असताना जोडलेला. प्रायमरीच्या पुढे, ट्रान्सफॉर्मरच्या दोन टोकांना तो आडवा बसवलेला असतो. दार उघडलं आणि प्रायमरी सुटला, तर मॉनिटर जोडला जाऊनही काही होत नाही, कारण तिथवर वीजच पोचत नाही. पण प्रायमरीचे कॉन्टॅक्ट चिकटून राहिले असतील, तर मॉनिटर सरळ फेज-न्यूट्रल शॉर्ट करतो आणि फ्यूज जातो. दार उघडं असताना ओव्हन चालूच राहू नये म्हणून केलेली ही सोय आहे. तेव्हा संशय पहिला प्रायमरीवर.

१५ चा फ्यूज टाकू नका. शॉर्टचा करंट इतका मोठा असतो की १५ चाही उडेलच, आणि तो उडेपर्यंत मॉनिटरचे कॉन्टॅक्ट जास्त जळतील. काचेचाही नको. वाळू भरलेला सिरॅमिकचाच घ्या, काचेचा अशा शॉर्टमध्ये फुटू शकतो.

तापलेलीतार
खटकेबाजांशी सहमत, पण अर्धंच. 'कधी कधी' उडतो म्हणताहेत. तिन्ही स्विच ज्या प्लास्टिकच्या होल्डरमध्ये बसतात तो सैल झाला किंवा दार खाली झुकलं तरी हेच होतं. दार उघडताना आधी प्रायमरी सुटला पाहिजे, मग मॉनिटर जोडला पाहिजे. हा क्रम उलटला की स्विच कोरे असले तरी फ्यूज जाणार. होल्डर न बघता स्विच बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

सुटा भाग
खटकेबाजांनी लिहिलं तेच मीही लिहिणार होतो. प्रायमरी बदला. आणि सोबत मॉनिटरही, दोन शॉर्ट त्याच्यातूनच गेलेत. एक बदलून भागत नाही.

घेताना अंगावरचं वाचा. १६ अँपिअर २५० व्होल्ट हवं, हुबेहूब तसाच दिसणारा १० चाही मिळतो. आकार साधारण सगळ्यांचा सारखाच, २८ बाय १६ मिलिमीटरच्या आसपास. टर्मिनलची पट्टी मात्र ४.८ किंवा ६.३ मिलिमीटर रुंद असते, ती मोजून घ्या, नाहीतर लग (वायरच्या टोकाची पकड) ढिला बसून तापतो. सगळ्यात मोठी चूक म्हणजे एनओ (न दाबता सुटलेला) आणि एनसी (न दाबता जोडलेला) यांची अदलाबदल. मॉनिटरच्या जागी एनओ बसवलात तर दार लावताक्षणी फ्यूज जाईल, आणि मग परत इथेच धागा काढाल.

शंकासुर
धाग्याशी संबंध नाही, पण दार उघडल्यावर लहरी आत साचून राहतात का? मोबाइल आत ठेवून फोन लावला तर रिंग वाजते. म्हणजे गळती आहे ना?

तापलेलीतार
साचत नाहीत. दिवा बंद केल्यावर खोलीत उजेड उरतो का? आणि मोबाइलची चाचणी निरर्थक आहे. दाराची कड २.४५ गिगाहर्ट्झसाठी बेतलेली असते, फोन बऱ्याचदा दुसऱ्याच फ्रीक्वेन्सीवर असतो, शिवाय अगदी क्षीण सिग्नलवरही तो वाजतो. गळतीची मर्यादा ५ सेंटिमीटरवर चौरस सेंटिमीटरमागे ५ मिलिवॉट आहे. ती मीटरनेच मोजतात.

नवाकोरा
नव्या ओव्हनमध्ये हा प्रश्नच येत नाही.

खटकेबाज
नव्यातही दाराचे स्विच आणि मॉनिटर असतातच. असो. उघडझाप, तपासायची रीत:

प्लग काढा. कव्हर उघडल्यावर आधी कपॅसिटर रिकामा करा. १ मायक्रोफॅरडच्या आसपासचा असतो आणि चालताना त्यावर हजारो व्होल्ट असतात. आत १० मेगओहमचा रेझिस्टर असतो, तो मिनिटभरात चार्ज उतरवतो. पण तोच तुटलेला असू शकतो, म्हणून विसंबू नका. इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरने दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा, मग प्रत्येक टोक बॉडीला.

तापलेलीतार
स्क्रूड्रायव्हर नको, ठिणगीने टोक जळतं आणि माणूस दचकून हात भलतीकडे नेतो. चांगल्या वॉटचा रेझिस्टर वायरला जोडून उतरवा.

खटकेबाज
रेझिस्टर उत्तमच, माझी ना नाही. पण शेवटी एकदा थेट टेकवून खात्री कराच.

पुढे. प्रायमरीच्या दोन्ही वायरी काढा, आधी फोटो घ्या. मीटर कंटिन्युइटीवर (जोड असेल तर बीप देतो), टोकं कॉम (सामाईक टर्मिनल) आणि एनओवर. दार लावा: बीप हवा. आता दार अगदी सावकाश उघडा. हुक मागे सरकताना 'टिक' झालं की बीप त्याच क्षणी तुटला पाहिजे. हे वीस-तीस वेळा करा, कारण चिकटणारा स्विच दर वेळी चिकटत नाही. मग तसंच मॉनिटरवर, पण टोकं कॉम आणि एनसीवर. त्याचा बीप प्रायमरी सुटल्यानंतरच सुरू व्हायला हवा. वायरिंग मॉडेलप्रमाणे थोडं बदलतं, नकाशा बऱ्याचदा कव्हरच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. कव्हर काढलेलं असताना प्लग लावायचा नाही, कोणत्याही कारणासाठी.

आणि रोज आधी स्टॉप दाबा, मग दार. चालू ओव्हनचं दार खेचलं की ट्रान्सफॉर्मरचा भार बहुतेक मॉडेलमध्ये दाराचे स्विच तोडतात. आत ठिणगी पडते, कॉन्टॅक्टला खड्डे पडतात, एक दिवस ते चिकटतात.

फिरती थाळी
कंपनीने दार उघडायची सोय दिलीय ती वापरायची नाही का?

सुटा भाग
वापरा की. मग स्विचही बदला.

उघडझाप
सगळ्यांचे आभार. तपासलं. होल्डर घट्ट आहे, क्रमही बरोबर. प्रायमरी मात्र तिसात चार वेळा चिकटला. 'टिक' होऊनही बीप चालूच, बोटाने टिचकी मारली की तुटतो. एनओ टर्मिनलपाशी प्लास्टिक तपकिरी पडलंय. मॉनिटर दर वेळी स्वच्छ बीप देतोय. त्यामुळे फक्त प्रायमरी आणि १० चा फ्यूज मागवतोय. मॉनिटर चांगला आहे, तो राहू दे.

सुटा भाग
कपाळ माझं. मीटर बीप द्यायला जेमतेम मिलिअँपिअर सोडतो. दोन शॉर्ट खाल्लेला कॉन्टॅक्ट तेवढ्यावर बीप देईलच. पुढचा प्रायमरी चिकटला आणि मॉनिटर ऐन वेळी जोडलाच गेला नाही, तर फ्यूज उडणार नाही. मग दार उघडं असताना ओव्हन बंद ठेवायला फक्त सेकंडरी उरतो. प्रायमरी, मॉनिटर, फ्यूज, तिन्ही एकत्रच बदलायचे असतात.

खटकेबाज
+१. एका स्विचसाठी अडून बसू नका.

उघडझाप
ऑर्डर गेली हो. मॉनिटर पुढच्या वेळी.

नवाकोरा
पुढच्या वेळी नवाच घ्या.