एमएसचा रिलॅप्स आणि मंदावलेले विचार : तुमचे अनुभव लिहा

मैथिली
नुकतेच एमएसचे (मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) निदान झालेल्या भाचीने काल विचारले, "मावशी, अटॅकमध्ये डोकंसुद्धा चालेनासं होतं का?" आणि मला माझा मोठा रिलॅप्स, म्हणजे आजार पुन्हा उसळल्याचा अटॅक, आठवला. एका डोळ्याची दृष्टी अधू झाली होती, हे सर्वांना कळले. पण समोरच्याच्या पहिल्या वाक्याचा अर्थ लागेपर्यंत तो तिसऱ्या वाक्यावर पोहोचलेला असे, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. तपासणीत तोल, पायांची ताकद, नजर असे सारे पाहिले गेले, विचारांबद्दल मात्र कोणी विचारले नाही. तुम्हाला असे झाले का, आणि पुढे ते कितपत भरून आले?

अनिकेत
झाले, आणि हातापायांच्या मुंग्यांपेक्षा त्याचीच भीती अधिक वाटली. मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचे सलाइन सुरू असताना झोप उडाली आणि स्मरणशक्ती आणखी विस्कळीत झाली. स्टिरॉइडमुळेही असे तात्पुरते होऊ शकते, हे डॉक्टरांनी सांगितल्यावरच धीर आला. पुढच्या काही महिन्यांत बरेचसे परत आले. सगळे नाही.

वसुधा
मैथिली, हे वाचून भरून आले. शब्द ओठांवर येऊन अडायचे, ते तर मी कोणाला सांगितलेही नव्हते.

रोहिणी
मी मानसशास्त्रीय चाचण्या घेते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांनी एकोणिसाव्या शतकातच या आजारातील स्मरणशक्तीच्या दुबळेपणाची नोंद केली होती, आणि एमएस असलेल्यांपैकी साधारण ४० ते ६५ टक्के लोकांना कधी ना कधी असा त्रास होतो. बुद्धी जाते असे नव्हे. माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेग सर्वांत आधी मंदावतो. चिन्हांना अंक जोडण्याची एक चाचणी अवघ्या ९० सेकंदांची असते. प्रकृती स्थिर असताना ती एकदा करून ठेवावी, म्हणजे रिलॅप्समध्ये गुण किती घसरले आणि नंतर किती सावरले, हे ताडून पाहता येते. भाचीला हे अवश्य सांगा.

दिगंबर
पत्नीला रिलॅप्स आला की आम्ही घरात एका वेळी एकानेच बोलायचे, टीव्ही बंद ठेवायचा आणि औषधांच्या वेळा लिहून लावायच्या, असे ठरवले आहे. तिला त्यामुळे खूप हलके वाटते. तिची नोकरी टिकली, याचे मोठे श्रेय मी तिच्या वरिष्ठांनी लेखी सूचना देण्याची तयारी दाखवली, याला देतो.

शर्वरी
एक भर घालते. ताप किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग असतानाही डोके असेच जड होते, पण तो नवा रिलॅप्स असेलच असे नाही; संसर्ग बरा झाला की विचारही बहुधा पूर्ववत होतात. नवी लक्षणे २४ तासांहून अधिक टिकली तर मात्र घरी बसून अंदाज बांधू नयेत, डॉक्टरांना कळवावे.

मैथिली
रोहिणी, ही चाचणी निराशा किंवा थकवा असताना केली तर गुण कमी येतात का? भाची सध्या फार खचली आहे.

रोहिणी
येऊ शकतात, म्हणून दोन्हींची विचारपूस चाचणीबरोबरच करतात. आधी तिची झोप आणि मनःस्थिती सावरू द्या, मग चाचणीची वेळ घ्या.