मदत हवी आहे: दोन पाळ्यांच्या मध्येच ब्लीडिंग होतंय, डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं?

साधीच

नमस्कार मंडळी. हा धागा काढू की नको यात तीन आठवडे गेले, शेवटी आज लिहितेच. वय ४१, दोन मुलं, दुसऱ्याच्या वेळीच कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करून घेतलंय. पाळी आयुष्यभर शहाण्यासारखी, २८-२९ दिवसांनी यायची आणि चार-पाच दिवसांत आटपायची, तारीख लिहून ठेवायची वेळच आली नाही कधी. चारेक महिन्यांपूर्वी पाळी संपून आठ-नऊ दिवस झाले असतील आणि चॉकलेटी डाग दिसले. दोन दिवस राहिले, थांबले. म्हटलं राहिलंसाहिलं असेल. पुढच्या महिन्यात परत तेच पण यावेळी लाल, आणि चार दिवस. त्याच्या पुढच्या महिन्यात तर कधी थोडं, कधी काहीच नाही, कधी एकदम पॅड लागेल इतकं, आणि आता अशी अवस्था आहे की यातली माझी पाळी कुठली आणि मधलं कुठलं हेच मला कळेनासं झालंय. गडद रंगाचेच कपडे घालते, पर्समध्ये कायम पॅड, कुठेही बसले की उठताना आधी मागे वळून बघायचं.

मध्यंतरी नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं, तपासलं काहीच नाही, दहा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. दुसऱ्या दिवशी थांबलं की! मी खूष. गोळ्या संपल्या आणि तिसऱ्या दिवशी इतकं जोरात सुरू झालं, गाठी पडल्या, की मी घाबरून गेले. तेव्हा ठरवलं की आता गायनॅककडेच जायचं. गुरुवारची वेळ घेतलीये.

तर प्रश्न असे की पहिला प्रश्न "शेवटची पाळी कधी आली" हाच असणार, त्याला मी काय उत्तर देऊ? त्या दिवशी ब्लीडिंग चालू असेल तर जाऊ की वेळ पुढे ढकलू? आतून तपासणी करतातच का? बाळंतपणानंतर कधी केलेली नाही आणि मला त्याचीच जास्त धास्ती आहे, खरं सांगायचं तर इतके दिवस अंगावर काढलं ते त्यामुळेच. जाऊबाई म्हणतात चाळिशीत होतंच असं, पाळी जायची वेळ जवळ आली, डॉक्टर उगाच पिशवी काढायला सांगतील.

दुपारझोप

मला पण झालं होतं दोन महिने, आपोआप गेलं. टेन्शन घेऊ नका, टेन्शननेच वाढतं हे.

निळीशाई

दुपारझोप, तुमचं गेलं चांगलंच झालं, पण यांचं चार महिने चाललंय आणि वाढत चाललंय, यांना प्लीज थांबा म्हणू नका.

साधीच, तारखेचं मी सांगते कारण मी नेमकी यातच अडकले होते. "शेवटची पाळी" म्हणून एकच तारीख सांगायचा अट्टहास करू नका. जेवढं आठवतंय तेवढं मागे जाऊन कॅलेंडरवर मांडा, ज्या दिवशी रक्त दिसलं त्या दिवशी खूण, नुसता डाग असेल तर छोटी, पॅड लागलं असेल तर मोठी, किती पॅड ते आकड्यात, गाठी पडल्या तर तेही. दुखलं का, कुठे दुखलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या दहा दिवसांच्या गोळ्या कधी सुरू केल्या आणि कधी संपल्या. गोळीचं पाकीट असेल तर तेच घेऊन जा. मी तोंडी सांगायला गेले तर सगळं मिसळलं होतं, कागद समोर ठेवल्यावर डॉक्टरांनी अर्ध्या मिनिटात बोट ठेवून सांगितलं की ही तुझी पाळी, हे मधलं, आणि हे गोळ्यांमुळे आलेलं.

कंदीलवाली

मी स्त्रीरोग विभागात सिस्टर आहे, निदान वगैरे करत नाहीये, पण रोज जे बघते ते लिहिते.

आधी त्या गोळ्यांचं. वर्णनावरून नॉरएथिस्टेरॉन असावी (पाळी पुढे ढकलायला देतात तीच), पाकिटावर बघून घ्या. ती पिशवीच्या अस्तराला धरून ठेवते, बंद केली की दोन-चार दिवसांत अस्तर सुटतं आणि ब्लीडिंग होतं. म्हणजे गोळी बंद केल्यावर जे आलं ते बहुधा अपेक्षितच होतं, फक्त तुम्हाला कुणी आधी सांगितलं नाही. गोळी वाईट नाही, खूप वापरतो आम्ही. पण तपासायच्या आधी दिली की मूळ कारण तसंच राहतं आणि तारखा सगळ्या विस्कटतात, तुमचं झालंय तेच.

कारणं भरपूर असतात. डॉक्टर लोक पाम-कोईन असं लक्षात ठेवतात, तळहात आणि नाणं, फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने २०११ मध्ये लावून दिलेली नऊ अक्षरं आणि नऊ गट. तळहातावरचं म्हणजे पिशवीतलं सोनोग्राफीत किंवा बायोप्सीत (छोटा तुकडा काढून तपासतात ती) सापडण्यासारखं: पॉलिप (अस्तरावर वाढलेला मऊ कोंब), फायब्रॉइड (पिशवीच्या स्नायूची गाठ), अ‍ॅडेनोमायोसिस (अस्तर पिशवीच्या भिंतीत शिरणं), आणि अस्तर वाढणं किंवा कॅन्सर. नाण्यावरचं म्हणजे तसं न दिसणारं: रक्त गोठण्याचा दोष, अंडं वेळेवर न सुटणं (यात थायरॉइड, पीसीओएस म्हणजे हार्मोनच्या गडबडीचा त्रास, हे आलं), कॉपर टी किंवा औषधं, असं. याशिवाय पिशवीच्या तोंडाला सूज, इन्फेक्शन, तिथलाच छोटा पॉलिप यानेही डाग लागतात. म्हणून संबंधांनंतर रक्त दिसतं का हे विचारतील, लाजू नका, नाही विचारलं तर स्वतःहून सांगा. रक्त पातळ करायची गोळी, डिप्रेशनची, थायरॉइडची, काहीही चालू असेल तर यादी न्या, पण आपल्या मनाने बंद करू नका.

जाऊबाईंचं म्हणाल तर, पाळी जायच्या आधीच्या वर्षांत अनियमित होते हे खरं, पण "वय झालं" हे तपासून झाल्यावर म्हणायचं वाक्य आहे, आधी नाही. आणि यातल्या बहुतेक गोष्टींना पिशवी काढावी लागत नाही.

ऑपरेशन झालेलं असलं तरी प्रेग्नन्सी टेस्ट करायला सांगतील, चिडू नका. ऑपरेशननंतर दिवस राहणं फार क्वचित होतं पण राहिलेच तर नळीत राहण्याची शक्यता जास्त असते आणि ते धोक्याचं. म्हणून मी तर म्हणेन आज घरीच एक करून टाका. टेस्ट पॉझिटिव्ह आणि पोटात एका बाजूला किंवा खांद्याच्या टोकाला दुखतंय, चक्कर येतेय, असं असेल तर, किंवा टेस्ट काहीही असो पण तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि असं लागोपाठ दोन तास झालं, तर गुरुवारची वाट बघायची नाही, लगेच इमर्जन्सीत.

पायवाट

ब्लीडिंग चालू असलं तरी जायचंच!! मी दोनदा वेळ रद्द केली होती याच कारणाने, आणि मग डॉक्टर म्हणाल्या अगं रक्त येतंय म्हणूनच तर यायचं. फार जास्त असेल तर पॅप स्मिअर (पिशवीच्या तोंडाच्या पेशी घेऊन तपासतात ती) फक्त पुढे ढकलतात, बाकी तपासणी होते. स्मिअर घेणार असतील तर आधी दोन दिवस संबंध नको, आत ठेवायची क्रीम किंवा गोळी नको.

आतल्या तपासणीबद्दल. मलाही भयंकर भीती होती. प्रत्यक्षात काय होतं तर पाय वाकवून झोपायचं, ते चोचीसारखं यंत्र घालतात, पिशवीचं तोंड बघतात, स्मिअर असेल तर ब्रश फिरवतात, मग बोटाने तपासतात. दाबल्यासारखं होतं, दोन-तीन मिनिटं. आधीच सांगून टाका की मला भीती वाटते, छोट्या साइजचं वापरा, मी थांबा म्हटलं की थांबा. सोबत बहीण-मैत्रीण आत हवी असेल तर तसं विचारा. श्वास सोडत राहायचा, मी श्वासच धरून बसले होते आणि त्यानेच जास्त दुखलं.

आणि हो, सोनोग्राफी पोटावरून असेल तर लघवी तुंबवून जायचं, आतून असेल तर रिकामी करून. वेळ घेताना विचारून घ्या, मी भरपूर पाणी पिऊन तासभर कळ काढली आणि मग म्हणे आतून करायचीये, जाऊन या!

साधीच

पायवाट, हसवलंत. कंदीलवाली, टेस्ट केली, निगेटिव्ह. कॅलेंडर मांडलं. ते बघून मलाच धक्का बसला, गेल्या ६० दिवसांत २७ दिवस खुणा आहेत. मला वाटत होतं "अधूनमधून".

निळीशाई

हेच. डोक्यात धरलं की कमीच वाटतं. हिमोग्लोबिन करून घ्या, दम लागतो का जिना चढताना?

साधीच

लागतो. मला वाटलं वजन वाढलंय म्हणून.

साधीच

अपडेट लिहायला उशीर झाला, सॉरी. गुरुवारी जाऊन आले, ब्लीडिंग चालू होतंच, तरी गेले. कागद दिला, त्यांनी खरंच बोट ठेवत ठेवत वाचला. मी आधीच म्हटलं मला भीती वाटते, तर म्हणाल्या बरं झालं सांगितलंत, आणि प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगत होत्या. दुखलं का? थोडं. पण मी चार महिने ज्याची धास्ती घेतली होती त्याच्या पावपटही नाही, स्वतःचा राग आला.

पिशवीचं तोंड ठीक आहे, स्मिअर घेतली, तिचा रिपोर्ट नॉर्मल आलाय. हिमोग्लोबिन ९.८, बाईमाणसाला १२ च्या वर हवं असतं म्हणे, त्यामुळे लोहाच्या गोळ्या सुरू. थायरॉइड नॉर्मल. आतून सोनोग्राफी केली त्यात अस्तरात पॉलिपसारखं काहीतरी दिसतंय, १२ मिलिमीटर. डॉक्टर म्हणाल्या बहुतेक पॉलिप साधेच असतात पण नुसतं बघून सांगता येत नाही, दुर्बिणीतून काढायचा आणि बायोप्सीला पाठवायचा, तेव्हाच अस्तराचाही नमुना घेतील. हिस्टेरोस्कोपी. पिशवी काढायचा विषय त्यांनी काढलाच नाही, मीच विचारलं तर म्हणाल्या "का बरं?"

आता गंमत अशी की हे पाळी थांबल्यावर लगेचच्या दिवसांत करायचं असतं, तेव्हा अस्तर पातळ असतं आणि आतलं नीट दिसतं. मी म्हटलं पण पाळी कुठली ते कळलं तर ना. त्या म्हणाल्या ते ठरवायचं काम आमचं, तुम्ही फक्त जास्त सुरू झालं की फोन करा आणि खुणा करत राहा.

कुणाची झालीये का हिस्टेरोस्कोपी? भूल देतात का?

पायवाट

माझी झालीये. पोटावर कुठेही छेद नाही, खालूनच दुर्बीण जाते. मला थोड्या वेळाची पूर्ण भूल दिली होती, काही ठिकाणी फक्त तिथलाच भाग बधिर करून करतात, विचारून घ्या. संध्याकाळी घरी. एक-दोन दिवस पाळीसारखं पोट दुखलं, आठवडाभर थोडे डाग. एकटीने घरी यायचं नाही त्या दिवशी, कुणाला तरी सोबत घ्या. बायोप्सीचा रिपोर्ट कधी आणि कुणाकडून मिळणार हे निघायच्या आधी विचारा, मी विसरले होते आणि नंतर नुसते फोन करत बसले.

कंदीलवाली

पूर्ण भूल असेल तर आधी काही तास उपाशी राहायला सांगतील, नेमके किती ते त्यांच्याकडूनच. ९.८ आहे म्हणजे लोहाच्या गोळ्या चुकवू नका, शौचाला काळी होईल, घाबरू नका.

दुपारझोप

मी वर आपोआप गेलं लिहिलं होतं ना. हे सगळं वाचून काल कॅलेंडर काढून बसले. मीही वेळ घेतलीये.

साधीच

दुपारझोप, कागद घेऊन जा बरं का.

आज पहाटे सुरू झालं, नेहमीच्या पाळीसारखं, ओटीपोटात दुखून. फोन केला. पुढच्या सोमवारची तारीख दिलीये, जाऊबाई सोबत येतायत.