सुतारकामाला परत लागायचं तर म्हणे आधी लाखभर काढा!

गंगापूर_रोडकर:
परवा एकाने इथं लिहिलं की "कॉलेजनंतर सुटलेलं सुतारकाम परत सुरू करताय तर आधी लाखभर बाजूला काढा, इंपोर्टेड रंधा, टेबल सॉ (टेबलात बसवलेली विजेची करवत), जपानी करवती एकदमच घ्या, स्वस्तातलं घेणारा दोनदा पैसे घालवतो." आणि खाली अंगठ्यांचा पाऊस. डोकंच फिरलं. अहो कुणाला घाबरवताय? पन्नाशीकडे झुकलेला माणूस फ्लॅटच्या बाल्कनीत एक पाट नि एक स्टूल करू बघतोय, त्याला टेबल सॉ कशाला, ठेवणार कुठं, वॉशिंग मशीनवर?

मी पण बऱ्याच वर्षांनी परत लागलोय आणि माझी निम्मी हत्यारं आपल्या नाशकातल्या बुधवारच्या बाजारातली नि भद्रकालीकडच्या भंगारवाल्यांची आहेत. स्टॅनलीचा 4 नंबर रंधा, इंग्लंडचा शिक्का, पान्यांच्या ढिगाखाली गंजत पडलेला. रात्रभर लिंबूसताच्या पाण्यात, सकाळी ब्रशने घासून सोड्याच्या पाण्यात धुतला, लगेच पुसून तेल. तळ सपाट केला काचेवर पॉलिश पेपर चिकटवून. असला लोखंडी रंधा काढणाऱ्या बेलीचे हक्क स्टॅनली कंपनीने 1869 मध्ये घेतले, आजचे महागडे रंधेसुद्धा बहुतेक त्याच बेताचे असतात. पात्यावरचं दुसरं लोखंड धारेच्या अगदी जवळ, केसभर मागे आणून बसवा, लाकडाच्या रेषांच्या उलट रंधा मारला तरी लाकूड फाटत नाही. हे कुठल्याही किमतीच्या रंध्याला जमतं.

आधी काय बनवायचं ते ठरवा. पाटाला करवत, रंधा, अर्धा इंच नि एक इंच पटाशी (चपटी छिन्नी), काटकोन बघायला गुण्या आणि धारेचा चांगला दगड, संपलं. बाकीचं काम अडेल तेव्हा. पैसे घालायचेच तर दगडात घाला.

सातपूर_सेकंड_शिफ्ट:
ती पोस्ट माझी होती. लाख जास्त वाटत असतील तर ठीक, पण तुमचा वेळ फुकट आहे का साहेब? गंज काढा, तळ घासा, मूठ बदला, दोन रविवार गेले आणि लाकडाला अजून हात नाही. हा सुतारकामाचा छंद नाही, गंज काढायचा छंद आहे. आणि तुम्हाला रंधा बरा मिळाला, नवख्याला बाजारात काय मिळतं सांगतो, पातं जिथून बाहेर येतं ते तोंड चिरलेलं, पातं घासून घासून संपत आलेलं, आणि कुणीतरी ग्राइंडरवर धरून निळं केलेलं. निळं पडलं की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं, मग धार टिकते का? असल्या हत्यारावर माणूस आठवड्यात कंटाळतो आणि म्हणतो मला जमत नाही. नवीन घ्या, बिलासकट घ्या. बॉशचं ड्रिल घ्या, आपल्या नाशकातलीच कंपनी आहे.

ओझरकर:
बॉशचा सातपूरचा कारखाना डिझेलचे इंजेक्टर नि नोझल काढतो भो, ड्रिल मशीन नाही. सेकंड शिफ्टला असून माहीत नाही? नाशकातलंच हत्यार पाहिजे तर टपारिया म्हणा, ते सातपूरलाच, 1969 पासून. पण ते पाने-पक्कडवाले, रंधा मागायला जाऊ नका.

सातपूर_सेकंड_शिफ्ट:
बरं, ड्रिल नाशकातलं नाही. भोक पडतं ना?

मिस्त्रीचा_मुलगा:
दोघांचं वाचून हसू येतंय. माझ्या वडिलांनी आयुष्यभर मिस्त्रीकाम केलं, स्टॅनली कधी हातात घेतला नाही. बाभळीचा रंधा, पातं पाचर ठोकून बसवलेलं, खोली कमी-जास्त करायची तर मागून हातोडीची टिचकी. पटाश्या लोहाराकडून, ट्रकच्या कमानीच्या पाट्याच्या. अर्ध्या गावाची दारं त्यावर झाली. आता तुमच्यासारखे शौकीन बाजारात फिरायला लागल्यापासून भंगारवाला गंजका रंधा फडक्यात गुंडाळून "अँटिक आहे" सांगतो. ज्याचं पोट त्यावर आहे त्या पोराने कुठून घ्यायचा? आणि हत्यारांचंच काय घेऊन बसलात, सागाचा घनफुटाचा भाव विचारून आलात का कुणी? रंधा भंगारात मिळेल, साग मिळेल का?

गंगापूर_रोडकर:
भाव आम्ही वाढवले हे काही पटत नाही, घरोघरी मिस्त्री आता मशीनवर गेलेत. पण कमानीच्या पाट्याची पटाशी कुणी करून देत असेल तर खरंच सांगा. सागाचं म्हणाल तर जुन्या नाशकात दर पावसाळ्यात वाडे उतरवतात, तिथलं लाकूड घ्यायचं. शंभर वर्षं सुकलेलं, आता ते वाकत नाही की फुगत नाही.

तांबट_लेनची_लेक:
"वाडे उतरवतात तिथलं लाकूड घ्यायचं." किती सोपं ना. आमचा वाडा उतरवला. दर मे-जूनला धोकादायक म्हणून नोटीस यायची, चुलत्यांच्या कोर्टातल्या तारखा चालू, भाडेकरू हलेना, दुरुस्ती कुणी करायची यावर भांडणं. शेवटी मागची भिंत बसली आणि ज्याला पाडायचं काम दिलं त्याने तुळया, खांब, जिना, देवघराची चौकट सगळं एका आकड्यात उचललं. माझ्या आजीने ज्या उंबरठ्याला रोज हळदकुंकू लावलं तो एका रिसॉर्टमध्ये बाक म्हणून ठेवलाय, मी स्वतः बघितलाय, वर कुशन टाकलंय. आणि तुम्ही त्याचा कॉफी टेबल करून फोटो टाकणार, रिक्लेम्ड टीक म्हणून. लाज वाटू द्या थोडी.

सातपूर_सेकंड_शिफ्ट:
ताई, विकलं तुमच्या घरच्यांनी, पैसे घेतले तुमच्या घरच्यांनी, लाज आम्ही वाटून घ्यायची? ही रडारड इथं कशाला. ते लाकूड नाही घेतलं तर जळणात जाईल.

तांबट_लेनची_लेक:
रडारड? सही करताना मला कुणी विचारलं नव्हतं, लग्न झालेल्या मुलीला कोण विचारतं. तुमच्या घराचा उंबरठा विकला की या बोलायला.

ओझरकर:
सेकंड शिफ्ट, शब्द जरा जपून. आमच्याही मामाच्या वाड्याचं हेच झालं, फरक इतकाच की तिथं भाऊ-भाऊ अजून बोलत नाहीत. खांब मात्र एका मावसभावाने ठेवून घेतले, त्यांचे पलंग केले.

मिस्त्रीचा_मुलगा:
ताईंचं बरोबर आहे आणि शौकिनांना एक सांगतो. "वाकत नाही की फुगत नाही" हे कुणी शिकवलं? लाकूड शंभर वर्षांचं असो की दोनशे, पावसाळ्यात ओल ओढून फुगणार, उन्हाळ्यात आकसणार. फळी रुंदीत हलती राहील असाच सांधा करायचा, चारी बाजूंनी चिकटवलीत की चिरलीच समजा. आणि वाड्याच्या तुळईत घडीव खिळे असतात, डोकं मोडून आत राहिलेले, आधी लोहचुंबक फिरवा. चुना-माती तारेच्या ब्रशने काढल्याशिवाय रंधा लावलात तर खिळा नसला तरी धार जाते. वडिलांनी एकदा गिऱ्हाईकाच्या जुन्या तुळईवर पातं घातलं, खिळ्याने अर्ध्या इंचाचा तुकडा उडाला. त्यांनी त्या दिवशी मजुरी घेतली नाही, पातं मात्र गिऱ्हाईकाकडून भरून घेतलं.

सातपूर_सेकंड_शिफ्ट:
हेच तर मी म्हणतोय ना! शिकायला वाड्याचं साग कशाला? अंबडच्या कंपन्यांतून पॅलेट, म्हणजे मालाखाली ठेवायच्या लाकडी चौकटी, बाहेर पडतात, पाइन असतं, त्यावर हात बसवा. फक्त शिक्का बघा, 'एचटी' म्हणजे तापवलेलं ते घ्या, 'एमबी' असेल तर विषारी गॅस दिलेला, हात लावू नका. ताई, रडारड शब्द मागे घेतो. बाकीचं नाही.

गंगापूर_रोडकर:
म्हणजे लाखाचे रंधे आणि फुकटाची पॅलेट. वा. चला, निदान लाकडावर तरी तुम्ही स्वस्तात आलात. मीही देतो एक, विजेवर चालणारं जुनं मशीन घेऊ नका, ड्रिल नवंच घ्या. रंध्यावर मी हलत नाही.

सातपूर_सेकंड_शिफ्ट:
दगडाचं तुमचं मान्य. पटाश्या नव्या घ्यायच्या, तरी आधी पाठ सपाट करायलाच लागते, कंपनीची धार नावालाच असते. 25 अंशाला घासायची, टोकाला 30. आता खूश?

नवखा_सिडको:
सगळं वाचलं. मला घरच्या देवासमोर एक चौरंग करायचाय. बुधवारी जाऊ की दुकानात?

मिस्त्रीचा_मुलगा:
बुधवारी जा, पण लवकर, उन्हं वर आली की हे शौकीन सगळं उचलतात. रंध्याचं तोंड चिरलंय का बघ, पातं भोकाच्या पुढे किती उरलंय बघ, निळं असेल तर ठेवून दे. गुण्या कागदावर तपास, काठाला लावून रेघ मार, उलटा करून त्याच जागी परत मार, दोन रेघा झाल्या तर तो गुण्या नाही. पटाश्या दुकानातून घे, तेवढं सेकंड शिफ्टचं ऐक. आणि घासाघीस करताना नेटवरची किंमत बोलू नकोस, तो तिथूनच सुरू करतो.

तांबट_लेनची_लेक:
आणि देवघराची चौकट कुणी विकायला काढलेली दिसली तर मला कळव. कमळं कोरलीयेत, डावीकडचं एक अर्धं तुटलंय.